फक्कीची भिंत

सुधा, तुला खुर्चीत बसवून खाली न्यावं लागलं. हे आधी सांगून टाकते, कारण तू पहिल्यांदा तेच विचारलं असतंस.

लिफ्टमध्ये तिरडी मावत नव्हती आणि आपल्या जिन्याच्या वळणावर ती वळत नव्हती. हे तुला घर घेतलं त्या दिवसापासून माहीत होतं. विजय नगरमधला हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तुझ्या दादांना बाल्कनीसाठी आवडला, मला स्वयंपाकघरातल्या कपाटांसाठी. तू एकटी जिन्याच्या वळणावर थांबलीस. दोन्ही हात पसरलेस, बोटं दोन्हीकडच्या भिंतींना टेकली, आणि म्हणालीस, "वहिनी, इथून आपल्याला खुर्चीत बसवून नेतील."

"आज तरी अभद्र बोलू नकोस," मी म्हटलं.

"अभद्र काहून? मोजून सांगून राहिली मी."

दलाल बिचारा पेढ्यांचा डबा धरून उभा होता. हसावं की नाही हे त्याला कळेना.

हे मी तुला लिहिते आहे, पण वाचणार आहेत इरा आणि निखिल, तिकडे टोरांटोत. नातवंडांना मराठी समजतं पण वाचताना ती अडखळतात, म्हणून वाक्यं लहान ठेवते आहे. तू गेल्यावर इराने फोनवर विचारलं, "आजी, आत्याआजी घरं बांधायची, मग तुम्ही तिने बांधलेल्या घरात का नाही राहत?" उत्तर द्यायला तू हवी होतीस. मी क्रमाने सांगायचं ठरवलं होतं, पण क्रम पहिल्याच ओळीत बिघडला.

मुलांसाठी एवढंच: तू त्यांच्या आजोबांची धाकटी बहीण, सरकारी खात्यात गरिबांच्या घरांचे नकाशे काढणारी, लग्न न केलेली, जन्मभर आमच्या घरात राहिलेली. दादा गेल्यावर आपण दोघीच उरलो. मी कपाटातल्या डब्यांना नावं चिकटवायची, तू पेन्सिलीचं टरफल चहाच्या बशीत टाकायचीस. बाकी माहिती लिहिलेली तुला आवडली नसती.

नाल्याकाठची वस्ती हलवायची होती, ते तुझं पहिलं मोठं काम. प्रत्येक कुटुंबाला एक खोली, स्वयंपाकघर, मोरी. इमारती तीन मजली, लिफ्ट नसलेल्या. तू प्रत्येक मजल्यावर चार घरांची दारं एका मोकळ्या जागेत उघडलीस. एका बाजूला जाळी, वारा यायला. प्रत्येक स्वयंपाकघराची खिडकीही त्याच जागेकडे. नकाशात तू त्याला मधला चौक म्हणायचीस. लोकांनी पुढे त्याला चबूतरा म्हटलं, अगदी वरच्या मजल्यावरच्या चौकालासुद्धा.

तुझ्या साहेबांचं म्हणणं होतं की ही जागा वाया चालली आहे, तेवढ्यात दर मजल्यावर आणखी एक घर बसतं. माणूस वाईट नव्हता. घराची वाट बघणारे पुष्कळ होते आणि त्यांना तोंड द्यायचं काम त्याचं होतं. तू मात्र आठवडाभर घरी येऊन भांडी आपटलीस. माझी भांडी.

मी तेव्हा सदरमधल्या शाळेत भूगोल शिकवत होते. खेळांच्या दिवशी मैदानावर पांढऱ्या रेषा आखतात ती चुन्याची फक्की शाळेत गोण्यांनी पडलेली असे. तू सुट्टीच्या दिवसासाठी मैदान मागितलंस. मुख्याध्यापिकेने मला विचारलं, "शैक्षणिक कारण?" मी सांगितलं, "हो." खोटंही नव्हतं.

त्या सकाळी तू मैदानावर दोन मजले आखलेस, एक साहेबांच्या मनातला, एक तुझा. खऱ्याएवढे. फक्कीच्या भिंती, भिंतीत सोडलेल्या जागा म्हणजे दारं, आडव्या रेघा म्हणजे जिना. वस्तीतल्या बायका आल्या. त्यांना वाटलं, पुन्हा कोणी नावं लिहून घ्यायला बोलावलं आहे. गेंदाबाई तेव्हा नवी सून, डोक्यावरून पदर घेतलेली. ती सरळ चालत रेघ ओलांडून आत शिरली, तशी मागून कोणीतरी ओरडलं, "ए गेंदा, दीवार फोड़ के आ गई क्या? दरवाजा इधर है."

सगळ्या हसल्या. गेंदाबाई जीभ चावून मागे फिरली आणि वळसा घालून दारातून आत आली. त्यानंतर कोणीच रेघ ओलांडली नाही. पोरंसुद्धा दारातून ये-जा करायला लागली. भिंत नव्हती, पण होती. मी वर्गात नकाशा शिकवायची, पण मुलांना नकाशात चालताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

गेंदाबाई फक्कीच्या स्वयंपाकघरात उकिडवी बसली आणि मान वळवून तिने तुला विचारलं, "दीदी, यहाँ से बच्चा दिखेगा?" तिला मूल झालंही नव्हतं.

"दिखेगा," तू म्हणालीस. "खिडकी वहीं रखी है."

मग तू चौकीदाराची खाट मागवलीस. साहेब छत्री घेऊन कडेला उभे होते. तू त्यांना म्हणालीस, "सर, जरा लेटिए."

"मैडम, मैं अभी जिंदा हूँ."

"तभी तो कह रही हूँ सर. बाद में आप बता नहीं पाएँगे."

साहेब काही निजले नाहीत. तुमच्या ऑफिसातला ड्राफ्ट्समन निजला, चौघांनी खाट उचलली आणि साहेबांच्या जिन्यावरून निघाले. रेघेवर भिंत म्हणून बायका उभ्या केल्या होत्यास. वळणावर खाट त्यांच्या अंगावर गेली. "ओ भैया, दीवार को धक्का मत दो," एक म्हातारी म्हणाली. मागे घेतली, तिरपी केली, ड्राफ्ट्समन घसरायला लागला. खाट वळली नाही. मग तुझा जिना. तिथे चबूतऱ्यावर ती आरामात फिरली आणि खाली उतरली.

साहेबांनी छत्री मिटली. "अच्छा," म्हणाले. त्या एका शब्दावर चबूतरा पास झाला.

परत येताना ऑटोत तू खुशीत होतीस. हाताला, केसांना चुना. मी म्हटलं, "सुधा, मेलेल्या माणसाच्या जिवावर जिंकलीस." तू म्हणालीस, "मला तो चबूतरा हळदीसाठी पाहिजे होता वहिनी. पापडांसाठी, पोरांच्या अभ्यासासाठी. पण ते सांगितलं असतं तर साहेब हसले असते. मरणाला कोणी हसत नाही."

तुझं हे वाक्य मी इतकी वर्षं तुझी हुशारी म्हणून सांगत आले. आता सांगवत नाही.

मुलांनो, चबूतरा मी पाहिला आहे. आत्याआजी मला ओढून न्यायची. गेंदाबाईच्या मजल्यावर एकीचं शिवणयंत्र बाहेर असायचं, कारण उजेड तिथेच. दुसरीची सासू दिवसभर खाटेवर बसून चारही घरांवर नजर ठेवायची, कोणाचं दूध उतू गेलं तर पहिल्यांदा तीच ओरडायची. पाहुणा कुणाचाही असो, खुर्ची कुठल्याही घरातून यायची. भांडणंही व्हायची. चपलांवरून, सांडलेल्या पाण्यावरून, रेडिओच्या आवाजावरून. सुधा, एकदा आपण दोघी पोचलो तेव्हा गेंदाबाई आणि शिवणवाली एकमेकींच्या माहेराचा उद्धार करून राहिल्या होत्या आणि तू जिन्यात उभी राहून कौतुकाने ऐकत होतीस.

"हाच का तुझा शेजारधर्म?" मी विचारलं.

"भांडायला तरी बाहेर येतात ना वहिनी. आपल्या इथे कोण येतं?"

आपल्या इथे तू आपल्या मजल्यावर लिफ्टसमोर एक बाक ठेवला होतास. त्यावर फक्त तूच बसायचीस, वर्तमानपत्र घेऊन. समोरचे लोक दार उघडून "नमस्ते दीदी" म्हणायचे आणि लिफ्टमध्ये शिरायचे. मग सोसायटीची नोटीस आली की रहदारीला अडथळा होतो. तू बाक उचलून बाल्कनीत आणलास आणि त्या संध्याकाळी तिथेच बसलीस. तुला वाईट वाटलेलं मला दिसत होतं. मी गरम पोळी वाढली. आपल्या दोघींत एवढंच चालायचं.

आता आपलं भांडण.

वस्तीतली कुटुंबं वाढली. गेंदाबाईचा संतोष मोठा झाला, ऑटो चालवायला लागला, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. एक खोली तेवढीच राहिली. मग चारही घरांनी ठरवलं की चबूतरा वाटून घ्यायचा, विटा लावायच्या, प्रत्येकाला एक लहान खोली मिळेल. बाकीच्या मजल्यांवरही तेच बोलणं सुरू झालं. तुला कळलं तशी तू दर आठवड्याला तिथे जायला लागलीस. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली होती, गुडघे दुखायचे, तरी जायचीस. ते लोक तुला चहा द्यायचे, "हओ दीदी, हओ दीदी" म्हणत मान डोलवायचे, आणि तू गेलीस की पुन्हा विटांचा भाव विचारायचे.

मी तुझ्या बाजूने बोलले नाही. आजही बोलणार नाही. एका खोलीत सासू, नवरा-बायको, लेकरू. "ते झोपतात कुठे, सुधा?"

"उन्हाळ्यात अर्धे चबूतऱ्यावरच झोपून राहिले."

"आणि थंडीत?"

तू पोळीचा तुकडा मोडत राहिलीस.

"त्या सुनेला कपडे बदलायला जागा नाही. तू तिला सांगतेस, सगळ्यांबरोबर बस. आपल्याला दोघींना तीन खोल्या आहेत."

"तुम्ही त्यांच्या बाजूनं काहून बोलून राहिल्या?"

"मी त्यांच्या झोपेच्या बाजूने बोलते आहे."

तुला हसू आलं. रागात असताना तुला हसू आलं की तू नाक पुसायचीस, तसं पुसलंस. "एकदा भिंत घातली की ती माणसं परत बाहेर येत नाहीत वहिनी," तू म्हणालीस. "खोलीही मिळाली पाहिजे आणि चबूतराही राहिला पाहिजे. काहीतरी निघेल. बाहेरच्या बाजूनं काही निघते का पाहून राहिली मी." मग तू ट्रेसिंगचा कागद पसरलास, माझ्या जेवणाच्या टेबलावर, आणि मी ताटं ओट्यावर नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला. तुझा कप भरला. तू उठली नाहीस.

डॉक्टर येऊन गेले. समोरच्यांनी थर्मास भरून चहा पाठवला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी शववाहिनी बोलावली. माणसं चांगली आहेत, सुधा, तुझ्यासमोरही मी हेच म्हणायची. पण वळण आणि तिरडीचा प्रश्न आला तेव्हा सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. कोणी कोणाचं माणूस उचललेलं नव्हतं. मुलांच्या बाबाला, आपल्या शेखरला, टोरांटोहून यायला वेळ होता. फ्रिजवर तुझ्या अक्षरात गेंदाबाईचा नंबर होता. मी तो लावला.

संतोष तिघांना घेऊन आला. तो नेहमी लिफ्टने यायचा, आपला जिना त्याने पाहिलाच नव्हता. वळणापर्यंत गेला, परत आला.

"माताजी, दीदी ने ये सीढ़ी देखी नहीं थी क्या?"

"देखी थी बेटा. पहले ही दिन."

त्याने बाल्कनीतली खुर्ची आणली, तुझी करडी शाल मागितली, आणि त्या चौघांनी तुला बसवून, शालीने बांधून उचललं. तू ताठ बसली होतीस, साइटवर निघाल्यासारखी. फक्त चष्मा नव्हता. प्रत्येक वळणावर संतोष म्हणत होता, "आराम से. दीदी का सिर." मी मागून उतरत होते. प्रत्येक मजल्यावर दारं बंद होती. आपण वाटेत नको, म्हणून माणसं आत थांबली असतील. असंच असेल. खाली आल्यावर त्यांनी तुला तिरडीवर ठेवलं आणि तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं, तू पुन्हा आडवी झालीस म्हणून.

ती खुर्ची बाल्कनीत परत ठेवली आहे. मी तिच्यावर बसत नाही, आणि देऊनही टाकवत नाही.

शेखर आला, तेरवी झाली, तो परत गेला. तेरवीला गेंदाबाई आली होती. पानावर बसली, पण जेवली नाही. पानावरून उठताना म्हणाली, "माताजी, दीदी के रहते नहीं किया. अब करना पड़ेगा. बहू फिर से पेट से है." मी म्हटलं, "करो." दुसरं काय म्हणणार होते? मी तुला जे सांगत होते तेच तिने मला सांगितलं. तुझ्या खुर्चीकडे मात्र मला पाहवलं नाही.

मग मी टेबल आवरलं. ट्रेसिंगचा कागद उलगडून पाहिला. इमारतीची बाहेरची भिंत, तिला लागून तुटक रेघा, मग खोडलेलं, पुन्हा तुटक रेघा. एका कोपऱ्यात बशीचा गोल डाग. तुला सापडलं होतं की नव्हतं? मी भूगोलाची बाई, मला ते वाचता येत नाही. ऑफिसातल्या कोणाला दाखवावं असं मनात आलं. मग वाटलं, त्यांनी "यात काही नाही" म्हटलं तर? कागद गुंडाळून कपाटात ठेवला आहे. त्याला नाव चिकटवलेलं नाही.

काल मी वस्तीत जाऊन आले. एकटी, ऑटोने. संतोष म्हणाला होता की घ्यायला येतो, पण मला तुझ्यासारखं जायचं होतं. खाली विटा रचलेल्या होत्या, वाळूचा ढीग, त्यावर एक कुत्रं. वर चढले. शिवणयंत्र आत गेलं होतं. खाटेवरची ती म्हातारी कधीच गेली, तिची जागाही रिकामी. चबूतऱ्यावर काहीच नव्हतं. मी तो असा रिकामा कधी पाहिला नव्हता, आणि तो मला वाटला होता त्याहून कितीतरी मोठा निघाला.

फरशीवर पांढऱ्या रेघा होत्या.

फक्कीच, सुधा. संतोषने कुठल्याशा मैदानावरून मागून आणली. चार खोल्या आखलेल्या, खऱ्याएवढ्या. भिंतीत दारांना जागा सोडलेली. आदल्या दिवशी चारही घरांतल्या बायका त्यात फिरून गेल्या होत्या, कुठे कपाट, कुठे खाट, ते बघायला. शिवणवालीने आपली रेघ वीतभर सरकवून घेतली आणि त्यावरून भांडणही झालं म्हणे. "दीदी ने ऐसे ही तो दिखाया था," गेंदाबाई म्हणाली. मैदानावरची ती सकाळ तिने पोराला इतक्यांदा सांगितली असणार की त्याला फक्की सोडून दुसरं काही सुचलंच नाही.

चार खोल्या आणि जिना यांच्यामध्ये एक पट्टा उरला होता.

"ये किसका है?" मी विचारलं.

"किसी का नहीं," संतोष म्हणाला. "खाट घुमाने का है. घुमा के देख ली हमने, मैं खुद लेटा था. आराम से निकल जाती है." मग खाली बघून म्हणाला, "कुर्सी पे नहीं उतारेंगे किसी को."

मी मान हलवली. त्याला वाटलं असेल, मी समाधानाने हलवली.

हळदीसाठी मागितलेल्या जागेतून मरणापुरती उरली. साहेबांना पटवायला तू जे पुढे केलंस, तेवढंच या लोकांनी राखलं, आणि तेही तुझ्यावरच्या मायेने. मी तुझ्याशी कोणत्या तोंडाने भांडू? सुनेला खोली मिळेल. मला ती मिळायला हवीच होती. आणि चबूतऱ्यावर तशी चार कुटुंबं पुन्हा बसायची नाहीत, हे तुझं म्हणणंही मला काल त्या रिकाम्या फरशीवर दिसत होतं. एकीचं म्हणणं खरं झालं म्हणून दुसरीचं खोटं झालं नाही. हे तुला त्या रात्री जेवताना सांगता आलं असतं तर तू नाक पुसलं असतंस.

"दीदी होतीं तो लड़तीं," मी गेंदाबाईला म्हटलं.

"हओ, लड़तीं. फिर चाय पीतीं." ती पदराने डोळे पुसून राहिली. "चाय बनाऊँ माताजी?"

इरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच देता येतं. आत्याआजीने बांधलेल्या घरात आम्ही राहिलो नाही, कारण ते आमच्यासाठी नव्हतं. आम्हाला मोठं घर परवडत होतं. पण तिला खाली उतरवायला जी माणसं आली ती तिने बांधलेल्या घरांतून आली. निखिल, तुमच्या इमारतीत लिफ्ट मोठी आहे, हे मला ठाऊक आहे. तरी एकदा जिन्याने उतरून बघ. दारावर कोणाची नावं आहेत तीही वाच.

गेंदाबाई चहा ठेवायला आत गेली. तिच्या स्वयंपाकघराची ती खिडकी मला आठवली, मूल दिसावं म्हणून तू ठेवलेली. ती आता नव्या खोलीत उघडणार, संतोष म्हणत होता की बंद करून पंखा बसवू. बंद होण्याआधी तिच्यातून एकदा पाहावं म्हणून मी तिकडे निघाले. दोन पावलं टाकली असतील, तोच संतोषच्या मुलीने माझी साडी धरली.

"दादी, दीवार है," ती म्हणाली. "दरवाजा इधर से है."

मी खाली पाहिलं. माझा पाय रेघेच्या अगदी जवळ होता. मी मागे फिरले, वळसा घेतला, आणि दारातून आत गेले. या वेळी कोणी हसलं नाही.